उजेडाचा जमाखर्च

लक्ष्मीपूजन म्हटले की इतरांना काय आठवत असेल ते असो. मला आठवतो तो कोऱ्या वह्यांचा वास. आमच्या वडिलांचे पेठेत किराणा-भुसारीचे दुकान होते. आश्विनातल्या अमावास्येला संध्याकाळी दुकान झाडून-पुसून स्वच्छ होई, गादीसमोर पाट मांडला जाई आणि त्यावर लाल कापडी बांधणीच्या नव्या वह्या ठेवल्या जात: एक रोजकीर्द, एक खतावणी. पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' निघे, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखवला जाई. आम्हा मुलांचे सारे लक्ष अर्थातच बत्ताशांवर. वडील पूजेला बसत आणि त्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून, आमचे दिवाणजी बसलेले असत.

पूजा वह्यांची, पण वर्षभर त्या वह्या लिहायच्या दिवाणजींनी. काळा कोट, कानावर टाक आणि मोत्यासारखे मोडी अक्षर. "आलं तेवढंच लिहायचं," ते म्हणत, "कमी नाही आणि जास्तही नाही. मग वही आपोआप बोलते." एकदा वर्षअखेरीस साडेतीन आण्यांची फरक पडली. वडील म्हणाले, सोडून द्या. दिवाणजी तीन रात्री कंदील लावून बसले आणि चौथ्या दिवशी सकाळी एका म्हातारीच्या घरी साडेतीन आणे पोचते करून आले. चूक दुकानाच्या फायद्याची निघाली होती!

हे सारे गेल्या दिवाळीत पुन्हा आठवले, त्याला कारण माझा नातू. तुळशीवृंदावनापाशी लावलेल्या पणतीचा तो फोनवर फोटो घेत होता. घेता घेता मान वर न करता त्याने विचारले, "आजोबा, फिल्म नसताना फोटो काढणारा हा डोळा कुणी शोधून काढला?"

मी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवला आहे. असल्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर द्यायची मास्तरांना सवय असते. मीही तोंड उघडले. पण ते तसेच मिटले. कारण या डोळ्याची हकिगत मला बऱ्यापैकी ठाऊक होती, आणि ती एका ओळीत मावणारी नव्हती. ती निवांतपणे सांगावी म्हणून हा लेख.

*

फोनमधला डोळा हा या घराण्यातला धाकटा. थोरला सीसीडी, पूर्ण नाव चार्ज-कपल्ड डिव्हाइस. आकाशाचे वेध घेणाऱ्यांच्या जगात या थोरल्याने जी उलथापालथ केली, तिला तोड गॅलिलिओच्या दुर्बिणीचीच. पण त्याचे मोल कळायचे तर आधी त्याच्या पूर्वीचा कारकून कसा होता, ते पाहिले पाहिजे.

तो कारकून म्हणजे छायाचित्रणाची काच. १८४० साली जॉन ड्रेपर यांनी न्यूयॉर्कमध्ये चंद्राचे छायाचित्र घेतले, तेव्हापासून आकाश कागदावर रेखाटण्याऐवजी रसायनाने टिपण्याचे युग सुरू झाले. आपल्याकडेही त्याची चाहूल लवकर लागली. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या गावी पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली यंत्रे घेऊन उतरले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळीही तिथेच तळ देऊन होती. सूर्य पुरता झाकलेला दोन मिनिटांच्या आसपास राहणार. तेवढ्यात काचा बदलायच्या, झाकणे उघडायची, मिटायची. त्या दोन मिनिटांसाठी माणसे समुद्र ओलांडून आली होती.

काचेने मोठी कामे केली यात शंका नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबल यांनी माउंट विल्सनवर देवयानी दीर्घिकेची काच घेतली. तीवरच्या एका ठिपक्याचे तेज कमीजास्त होते असे त्यांना आढळले, आणि देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची, स्वतंत्र दीर्घिका आहे हे त्यातून सिद्ध झाले. हार्वर्डच्या वेधशाळेत पाच लाखांहून अधिक काचा जमल्या. त्या तपासायला स्त्रिया नेमलेल्या असत. भिंगातून ठिपका न् ठिपका पाहून त्या नोंदी करीत. त्यांच्यापैकीच एक, हेन्रिएटा लेव्हिट, यांनी शोधलेला नियम हाताशी होता म्हणून हबल यांना देवयानीचे अंतर काढता आले.

पण कारकून म्हणून काच तीन बाबतींत खोटी. पहिली गोष्ट, दुकानात शंभर गिऱ्हाइके यावीत आणि वहीत एकाचीच नोंद व्हावी, असा तिचा कारभार. प्रकाश हा कणाकणाने येतो. त्याच्या शंभर कणांपैकी एक-दोन कण काचेवर नोंदले जात, बाकीचे वाया. दुसरी गोष्ट, ती रात्र वाढेल तशी थकत जाई. अंधुक ताऱ्यासाठी दुप्पट वेळ काच उघडी ठेवली तर दुप्पट काळेपणा यावा की नाही? तो येत नसे. खगोलशास्त्रज्ञ बिचारे काचा वायूत भाजून तिला जरा तरतरीत करीत. पण मूळ स्वभाव जायचा नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. दोन तारे, एक दुसऱ्याच्या दुप्पट तेजस्वी; पण काचेवर त्यांचे डाग दुप्पट नव्हते. गरिबाच्या खात्यावर निम्मे लिहायचे आणि श्रीमंताचे खाते भरले की पुढचे लिहायचेच नाही, अशी तिची रीत. असल्या वहीवरून बेरीज-वजाबाकी कशी करणार?

शिवाय कष्ट किती! पालोमार पर्वतावरच्या ५ मीटर व्यासाच्या हेल दुर्बिणीत तर वेध घेणारा माणूस दुर्बिणीच्या नळीतच, वरच्या टोकाच्या पिंजऱ्यात बसे. हिवाळ्याची रात्र, घुमट उघडा आणि अंगात विजेने ऊब देणारा वैमानिकाचा पोशाख. एका ताऱ्यावर नजर खिळवून तासन् तास बसायचे, आणि पहाटे खाली उतरल्यावर काळोख्या खोलीत काच धुवायची. एखादे वेळी सगळी रात्र फुकट गेल्याचे तेव्हा कळे.

*

आता सीसीडीचा जन्म पाहा. तो वेधशाळेत झाला नाही. टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ हे दोघे अधिकारी सिलिकॉनवर काम करणाऱ्या विभागात होते. त्या वेळी संगणकाची स्मृती साठवण्यासाठी चुंबकीय बुडबुड्यांची एक नवी युक्ती पुढे आली होती आणि वरिष्ठांचे मन तिकडे वळू लागले होते. तुमच्या सिलिकॉनातून त्या तोडीचे काही निघणार असेल तर दाखवा, नाहीतर पैसा तिकडे जाईल, असा इशाराच बॉइल यांना मिळाला होता.

१७ ऑक्टोबर १९६९ च्या दुपारी दोघे बॉइल यांच्या खोलीत फळ्यासमोर उभे राहिले. तासाभराच्या आत आराखडा तयार झाला. जगाचे डोळे बदलणारी कल्पना जन्मली ती अशी. आणि जन्मली तीही मुख्यतः स्मरणशक्ती म्हणून, डोळा म्हणून नव्हे.

कल्पना तरी काय होती? आपल्या परिचयाचा दृष्टांत घेऊन सांगतो. अंगणात वाट्यांच्या सरळ रांगा मांडून ठेवा. पाऊस पडला की जिथे जास्त सर आली तिथली वाटी जास्त भरेल. पाऊस थांबल्यावर कुठे किती पडला हे मोजायचे आहे, पण मोजमापाचे भांडे एकच, तेही अंगणाच्या कोपऱ्यात. मग काय करायचे? प्रत्येक वाटीतले पाणी शेजारच्या रिकाम्या वाटीत ओतायचे, तिथले पुढच्या, असे रांगेने सरकवत कोपऱ्याकडे न्यायचे. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांग धरून बादल्या हातोहात देत, तसेच हे. कोपऱ्यातला माणूस एकेक माप मोजून वहीत लिहितो. कुठल्या क्रमाने आले ते ठाऊक असल्यामुळे अंगणाचा सारा नकाशा वहीतून पुन्हा उभा राहतो.

इथे अंगण म्हणजे सिलिकॉनची नखाएवढी चकती, पाऊस म्हणजे प्रकाश आणि पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन. प्रकाशाचा कण सिलिकॉनवर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. चकतीच्या पाठीवर बारीक विद्युत्-पट्ट्या असतात. त्यांना विजेचा दाब दिला की त्यांच्याखाली अदृश्य खळगे तयार होतात आणि सुटे इलेक्ट्रॉन त्यांत गोळा होतात. दाब एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर फिरवला की खळगाच पुढे सरकतो आणि आपले इलेक्ट्रॉन बरोबर नेतो. भार एका खळग्यातून दुसऱ्यात जोडीने जातो म्हणून नाव चार्ज-कपल्ड.

सांगायला सोपे, पण हातोहात देताना सांडते, हे कोणीही सांगेल. हजार हात बदलायचे आहेत आणि प्रत्येक हाताशी हजारातला एकच थेंब सांडतो, असे धरा. शेवटी किती उरेल? शंभरातले सदतीसदेखील नाहीत! म्हणून लाखात एक थेंबाहून अधिक सांडता कामा नये, तेव्हा कुठे शंभरातले नव्याण्णव पोचतात. तासाभरात सुचलेली कल्पना आणि लाखात एक थेंब यांच्या मधे वीस वर्षे आणि कितीतरी माणसांची आयुष्ये पसरली आहेत. पहिली चाचणी गिल्बर्ट अमेलियो, मायकेल टॉम्पसेट आणि स्मिथ यांनी केली, ती केवळ आठ घरांच्या रांगेवर.

*

या टॉम्पसेट यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. हे इंग्लंडहून आलेले तरुण शास्त्रज्ञ. स्मृतीची ही रांग प्रतिमा टिपण्यासाठी कशी वापरायची, याचे पेटंट एकट्या त्यांच्या नावावर आहे. १९७२ साली त्यांनी आपल्या पत्नीचे, मार्गारेट यांचे, रंगीत चित्र या नव्या डोळ्याने टिपले आणि पुढच्या वर्षी ते एका नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकले.

आकाशाकडे हा डोळा वळला १९७४ मध्ये. शंभर बाय शंभर, म्हणजे अवघ्या दहा हजार घरांची चकती, ८ इंची हौशी दुर्बिणीला लावलेली, आणि समोर चंद्र. चित्र कसले, भरतकामाचा नमुना! पण दोन वर्षांतच, १९७६ साली, अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले जेम्स जेनेसिक आणि अ‍ॅरिझोना विद्यापीठातले ब्रॅडफर्ड स्मिथ यांनी बिगेलो पर्वतावरच्या ६१ इंची दुर्बिणीला १ लाख ६० हजार घरांची चकती जोडून गुरू, शनी आणि युरेनस यांची चित्रे घेतली. डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात युरेनसच्या बिंबाची कड उजळलेली दिसली. जमलेल्या विद्वानांची खात्री पटायला तेवढे पुरे होते.

मात्र या नव्या कारकुनाच्याही खोडी होत्या आणि त्या मोडायला लागल्या. निळा प्रकाश पट्ट्यांच्या जंजाळातच अडके. म्हणून चकती उलटी करून पाठीमागून खरवडत केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी पातळ करायची आणि उजेड त्या बाजूने घ्यायचा. दुसरी खोड उष्णतेची. सिलिकॉन कोमट असले तर प्रकाश नसतानाही इलेक्ट्रॉन आपोआप सुटतात. दुकान बंद असताना वहीत नोंदी पडाव्यात तसे. उपाय म्हणून चकती द्रवरूप नायट्रोजनच्या साह्याने शून्याखाली १०० अंशांच्या आसपास गारठवून ठेवायची. तिसरी खोड अशी की सगळी घरे सारखी ग्रहणशील नसतात. यावरचा उपाय आमच्या दिवाणजींना फार आवडला असता. वाण्याने सकाळी तराजूचा धडा करून घ्यावा, तसे ही मंडळी दररोज संध्याकाळी सारख्या उजळलेल्या पडद्याचे किंवा संधिप्रकाशातल्या आकाशाचे चित्र घेतात आणि प्रत्येक घराचे माप ताडून पाहतात. मापात पाप नको!

आणि एवढे केल्यावर जो कारकून मिळाला तो कसा? शंभर गिऱ्हाइकांपैकी ऐंशी-नव्वदांची नोंद ठेवणारा. रात्र कितीही लांबो, न थकणारा. आणि दुप्पट उजेड आला तर बरोबर दुप्पट लिहिणारा.

या तिसऱ्या गुणाची थोरवी सहसा कोणी सांगत नाही. लोक म्हणतात, सीसीडीमुळे अंधुक दिसू लागले. ते खरेच, पण खरी गंमत वजाबाकीत आहे. रात्रीचे आकाश काळे नसते. अमावास्येलासुद्धा त्याला स्वतःचा मंद उजेड असतो आणि दूरच्या दीर्घिका त्या उजेडाहूनही कितीतरी अंधुक असतात. त्या दिसायच्या तर आकाशाचा उजेड वजा करायला हवा. आणि वजाबाकी करायची तर जमा बिनचूक लिहिलेली हवी. लाखातून नव्व्याण्णव हजार नऊशे वजा करून उरलेल्या शंभरावर विश्वास ठेवायचा, तर मूळ लाख खराच असला पाहिजे. काचेच्या वहीवर असला व्यवहार करण्याची कोणाची छाती नव्हती.

*

याचा पहिला डोळे दिपवणारा पडताळा आला तो आपल्या ओळखीच्या पाहुण्यामुळे. १९१० साली दिसलेला हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये परत यायचा होता. आधी कोण पाहतो, याची चुरस होती. १६ ऑक्टोबर १९८२ रोजी, अमावास्या तोंडावर आलेली असताना, पालोमारच्या त्याच हेल दुर्बिणीला सीसीडी जोडून डेव्हिड ज्युइट आणि एडवर्ड डॅनियल्सन यांनी तो हुडकला. तेव्हा तो शनीच्या कक्षेच्याही पलीकडे होता, शेपूट नाही, काही नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत अंधुक ताऱ्याहून सुमारे दीड कोटी पटींनी अंधुक असा एक ठिपका. गणिताने सांगितले होते जवळजवळ तिथेच. आणि मुख्य म्हणजे, पिंजऱ्यात कोणी कुडकुडत बसण्याची गरज आता उरली नव्हती.

१९८६ च्या वसंतात आम्ही शाळेची मुले घेऊन पहाटे गच्चीवर तोच धूमकेतू पाहायला गेलो होतो. कापसाचा पुसट बोळा! मुले हिरमुसली. त्यांना मी ज्युइट-डॅनियल्सन यांची गोष्ट सांगितली तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे त्यांनी तो यायच्या आधीच त्याची पावलं ऐकली." मला तिच्याइतके नेमके सांगता आले नसते.

पुढची हकिगत हबल दुर्बिणीची. अवकाशात दुर्बीण सोडायची ठरली तेव्हा आधी दुसऱ्याच एका नळीचा, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याच्या जातीचा, विचार होता. जेम्स वेस्टफाल आणि जेम्स गन यांनी सीसीडीची बाजू घेतली आणि १९७७ मध्ये निवड त्यांच्या कॅमेऱ्याची झाली. हे वेस्टफाल कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक होते, पण डॉक्टरेट त्यांनी कधी घेतली नव्हती. पदवीवर आणि हातातल्या कसबावर ते तिथवर गेले होते.

एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि जगभर हसे झाले. आरसा कडेला दोन-एक मायक्रॉन जास्त घासला गेला होता, चित्रे अंधुक. इथे पुन्हा प्रामाणिक कारकुनाची आठवण येते. मालकाची चूक झाली तर ती चूकही तो जशीच्या तशी लिहितो. त्या बिघडलेल्या चित्रांतूनच आरशातली चूक नेमकी किती, हे काढता आले आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन नवा कॅमेरा आणि चष्म्यासारखी आरशांची योजना बसवली.

त्यानंतर दोन वर्षांनी तिथले संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी एक धाडस केले. संचालकाला स्वतःच्या अधिकारात जो वेळ मिळतो, तो त्यांनी आकाशाच्या एका रिकाम्या तुकड्यासाठी खर्ची घातला. हा तुकडा आपल्या सप्तर्षींपैकी. चंद्रबिंबाच्या रुंदीच्या बाराव्या हिश्श्याएवढा. तिथे काहीच नाही, वेळ फुकट जाईल, असे जाणती माणसेही म्हणत होती. डिसेंबर १९९५ मध्ये दहा दिवस दुर्बीण तिथेच रोखून धरली, ३४२ चित्रे घेतली आणि त्यांची बेरीज केली. त्या रिकाम्या जागेत सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या. एकेकीत अब्जावधी तारे!

आणि वजाबाकीचा कळस झाला तो १९९८ मध्ये. अमावास्येच्या सुमारास हजारो दीर्घिकांची चित्रे घ्यायची. सुमारे तीन आठवड्यांनी, पुढची अमावास्या यायच्या आत, तीच पुन्हा घ्यायची. आणि नव्यातून जुने वजा करायचे. जे होते ते सारे पुसले जाते. मधल्या काळात एखादा तारा स्फोट पावला असेल तर तेवढाच एक ठिपका शिल्लक राहतो. असे सुपरनोव्हा दोन गटांनी हुडकले. एका गटात सॉल पर्लमटर, दुसऱ्यात ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस. त्यांचे तेज मोजले तर ते अपेक्षेपेक्षा कमी भरले. म्हणजे ते अपेक्षेपेक्षा दूर. म्हणजे विश्वाचा विस्तार मंदावत नाही, वाढत्या वेगाने चालला आहे. हे तेज कमी भरले तेही शेकडा वीस-पंचवीसच. साडेतीन आण्यांच्या फरकीसाठी तीन रात्री जागणारा कारकून हाताशी नसता, तर ही फरक कोणाच्या ध्यानात आली असती? या शोधाला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडेही हा कारकून रुजू झाला. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुण्यात आयुका स्थापन झाली, आणि २००६ मध्ये तिची २ मीटर व्यासाची दुर्बीण पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर, घोडेगावजवळ गिरवलीच्या डोंगरावर उभी राहिली. तिच्या टोकाशी सीसीडीच आहे. नायगमवालांच्या जेऊरच्या काचा आणि गिरवलीची ही चकती यांच्यामध्ये शंभर वर्षांहून थोडे अधिक अंतर.

*

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो. कुणी शोधून काढला?

२००९ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग सीसीडीसाठी जाहीर झाला. मानकरी बॉइल आणि स्मिथ. गौरवपत्रात शब्द होते ते प्रतिमा टिपणाऱ्या अर्धवाहक मंडलाच्या शोधाबद्दलचे. इथेच ठिणगी पडली. प्रतिमा टिपणारे यंत्र तर टॉम्पसेट यांनी घडवले होते, पेटंट त्यांचे होते. त्यांनी आणि बेलमधले त्यांचे सहकारी यूजीन गॉर्डन यांनी उघडपणे हरकत घेतली: रांगेची कल्पना त्या दोघांची, डोळा आमचा. बॉइल आणि स्मिथ यांचे म्हणणे असे की प्रतिमेचा उपयोग आम्हांला पहिल्यापासून दिसत होता. आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात तसा उल्लेख आहेही.

मी न्यायाधीश नाही. पुढे टॉम्पसेट यांनाही अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले, आणि २०१७ साली इंग्लंडच्या राणीच्या नावाचे अभियांत्रिकीचे मोठे पारितोषिक स्मिथ आणि टॉम्पसेट यांना, इतर दोघांबरोबर, एकत्रच मिळाले. त्या दोघांतले एक एरिक फॉसम. फोनमधला धाकटा डोळा, सीमॉस नावाचा, मुख्यतः त्यांच्यामुळे नावारूपाला आला. बॉइल २०११ मध्ये वारले; निवृत्तीनंतर शिडाच्या नावेतून जगप्रदक्षिणा करणारे स्मिथ २०२५ मध्ये गेले.

आणि ज्यांची नावे कुठल्याच पारितोषिकावर नाहीत, ते? जपानात सोनी कंपनीचे काझुओ इवामा यांनी वर्षानुवर्षे तोटा सोसून सीसीडीचा नाद सोडला नाही. कारखान्यातून त्याचे भरघोस उत्पादन निघालेले पाहण्याआधीच, १९८२ मध्ये, ते वारले. त्यांच्या थडग्यावर सीसीडीची एक चकती बसवली आहे. त्याच सोनीने २०१५ साली सीसीडीचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. बाजार धाकट्याने जिंकला होता. पण वेधशाळांत थोरल्याचा मान अजून आहे. गाया या युरोपीय यानाने १०६ सीसीडींच्या साह्याने २०१४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत जवळजवळ दोन अब्ज ताऱ्यांची खतावणी लिहिली. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली चित्रे प्रसिद्ध केली. तिच्या कॅमेऱ्यात १८९ सीसीडी आहेत, घरांची एकूण संख्या ३२० कोटी.

हार्वर्डच्या त्या जुन्या काचांचेही कोणी विसर्जन केले नाही. त्यांपैकी चार लाखांहून अधिक काचांची संगणकीय प्रत करण्याचे काम २०२४ मध्ये पुरे झाले. शंभर वर्षांपूर्वी एखादा तारा कसा होता, हे विचारायला आजही त्याच वह्या उघडाव्या लागतात. काच खोटी होती असे मी वर म्हणालो खरा. पण त्या रात्री जागलेली माणसे खोटी नव्हती.

हे सारे मी नातवाला त्या रात्री सांगितले नाही. मी माळ्यावरून दुकानाची एक जुनी वही काढली. दुकान कधीच बंद झाले; वही मात्र वाळवीच्या तावडीतून वाचली आहे. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत वडिलांचे नाव. आत दोनशे पाने मोडी. नातवाने पाने चाळली, त्याला एक अक्षर वाचता येईना.

"हे पणजोबांनी लिहिलं?" त्याने विचारले.

"नाव पणजोबांचं," मी म्हणालो, "अक्षर दिवाणजींचं."

"त्यांचं नाव काय होतं?"

मी त्याला नाव सांगितले. आमच्या घरात ते तीस-चाळीस वर्षांत कोणी उच्चारले नव्हते. त्याने फोन वर केला, पणती जवळ ओढली आणि त्या उजेडात वहीच्या पानाचा फोटो घेतला. मग बाहेर अंगणात गेलो. अमावास्या असल्यामुळे, फटाक्यांचा धूर जरा विरल्यावर, तारे चांगले दिसत होते.